मोडलेले एंजिन: ठेवावे की टाकावे?



कोकणकिनाऱ्यावरच्या लहान होड्यांच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले एंजिन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याला आउटबोर्ड म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एविनरूड याने अमेरिकेतील मिल्वॉकी शहरी १९०९ साली ते विक्रीस आणले. वाग्दत्त वधूसाठी तळे वल्हवून आणलेले आइस्क्रीम वाटेतच वितळले, म्हणून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच्या घराण्यातील साठ-सत्तर वर्षांची जुनी एंजिने हौशी लोक अजून सांभाळतात. असे एंजिन मोडले तर दुरुस्त करावे की बदलावे, एवढाच आजचा प्रश्न.

समजा, ते खाऱ्या पाण्यात बुडाले. बाहेर काढताच माणूस घाईने दोरी ओढतो. तसे मुळीच करू नये. पाणी दाबले जात नाही; सिलिंडर भरलेला असता दट्ट्या रेटला, तर त्याचा दांडा वाकतो. आधी स्पार्क प्लग काढावेत, गोड्या पाण्याने आतबाहेर धुवावे, पाणी निथळावे आणि तेल सोडावे. या एंजिनात बेअरिंगांना वेगळे तेल नसते. पेट्रोलात मिसळलेले तेलच त्यांना मिळते. आत शिरलेले खारे पाणी थेट त्यांच्यावर बसते. एका रात्रीचा आळस येथे महाग पडतो.

मग नाडी पाहावी. दाबमापकाने दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजावा. फरक दहाव्या हिश्श्याच्या आत असेल, तर आशा आहे. एकाचा दाब फार पडला असेल, तर उघडून पाहावे. पुष्कळदा मूळ दोष पाणीपंपाच्या रबरी चक्रात असतो. रबर कडक होते, पाणी वर चढत नाही, एंजिन तापते आणि दट्ट्या सिलिंडरला चिकटतो. ते चक्र तसेच ठेवून नवा दट्ट्या बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली भिंत रंगवणे होय.

झिजलेले बदलता येते. पण सिलिंडरचा ठोकळाच तडकला किंवा क्रँकशाफ्ट गंजाने खाल्ला, तर हट्ट सोडावा. त्याच नमुन्याचे दुसरे जुने एंजिन शोधून दोहोंचे एक करावे. एविनरूड आणि जॉन्सन ही नावे १९३६ साली एका कंपनीत आली. म्हणून पुढच्या काळातील दोघांच्या अनेक एंजिनांचे भाग परस्परांना चालतात. ती कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली, आणि नव्या मालकांनी २०२० साली एविनरूड एंजिने काढणेही थांबवले.

मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला थांबता येते. समुद्राला कड नाही. म्हणून ज्याचे पोट होडीवर आहे, त्याने नवे एंजिन घ्यावे. हौशी माणसाने जुने जरूर उभे करावे, पण वल्ही बरोबर ठेवावीत. अशा कित्येक एंजिनांच्या पंख्यात कारागिराने मुद्दाम एक नाजूक खीळ घातलेली असते. खडकाला आपटताच ती मोडते आणि आतले दाते वाचतात. तेव्हा काय मोडले म्हणून हळहळण्यापूर्वी काय वाचले ते पाहावे, आणि मगच निकाल द्यावा.