फ्रीजचे गाऱ्हाणे

फ्रीज हा घरातला अहोरात्र राबणारा गडी. आज त्याचे गाऱ्हाणे मांडतो.

आपल्या अलिबाग-मुरूडकडचा वारा खारा. फ्रीजमागच्या जाळीवर मीठ आणि धूळ बसते, उष्णता बाहेर पडत नाही, आणि कंप्रेसरला विसावाच मिळत नाही. प्लग काढून ती जाळी अधूनमधून मऊ ब्रशाने झाडावी. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावा. तो सहज ओढला गेला, तर तिथून गारवाही जातो, असे समजा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी फ्रीज रिकामा करावा, पुसावा आणि दार किलकिले ठेवावे. नाहीतर बुरशी धरते. वीज क्षणभरच जाऊन आली, तर पाच मिनिटे थांबून फ्रीज लावा. नळ्यांतला दाब उतरल्याखेरीज कंप्रेसरला उचल घेता येत नाही. तो नुसता गुरगुरतो आणि तापतो.

बर्फात गोठलेली सुरमई निघेना, म्हणून मी एकदा सुरी खुपसली. फुस्स झाले! नळी फुटून वायू गेला. कारागिराने नळी सांधली, वायू भरला आणि मजुरी सांगितली. मी घासाघीस करणार, तोच घरातून आवाज आला, "जन्मभर मजुरीसाठी भांडलात ना?"

मुकाट्याने पैसे मोजले.