संमतीपत्राची मराठी



हैदराबादेत मलकपेठच्या बाजारात महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात, आणि इथून एकच स्टेशन अलीकडे, काचीगुड्याला, नांदेडकडच्या गाड्या येतात. त्या गाड्यांतून उतरणाऱ्यांमध्ये काही जणांच्या हातात कापडी पिशवी असते आणि पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट डोकावत असतं. कुणाच्या जिभेवरचा चट्टा भरत नाही, कुणाच्या आईचं महिनोन्‌महिने अंगावरून जातंय. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि मोठ्या दुखण्याला हैदराबाद गाठायचं ही सवय अजून मोडलेली नाही. मग कुणी लकडीकापूलजवळच्या मेहदी नवाज जंग कर्करोग संस्थेत जातं, कुणी पंजागुट्ट्याला निजाम आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे निम्समध्ये. निम्स हे रुग्णालयही आहे आणि कायद्याने विद्यापीठही. अशा शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या रुग्णालयात कधी तरी त्या पिशवीवाल्यांसमोर एक जाडजूड कागद येतो आणि विचारलं जातं: एक चाचणी चालू आहे, भाग घ्याल का?

घोटाळा इथेच सुरू होतो. मराठीत ‘चाचणी’ म्हणजे रक्ताची, लघवीची. बाई म्हणते, घ्या की रक्त, त्यात काय. ‘प्रयोग’ म्हटलं तर तीच बाई पदर सावरून उठते, कारण प्रयोग उंदरांवर होतात. ‘ट्रायल’ म्हटलं तर मुलगा मान हलवतो आणि बाहेर येऊन दुसऱ्या नातेवाइकाला विचारतो, ट्रायल म्हणजे नेमकं काय? या तीन शब्दांच्या फटीत जी बाई उभी आहे, तिच्याविषयी आजचं हे भाषण आहे.

तिच्यासारख्या बायकांनी जगाला काय दिलं, ते आधी पाहायला हवं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ज्याचं नाव पडलं, त्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ मध्ये एक मोठी चाचणी सुरू झाली. शेजारच्या बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून चालवली. बार्शीच्या लोकांना हे काम नवं नव्हतं. खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवणारी देशातली पहिली ग्रामीण नोंदवही त्यांनी १९८७ मध्येच सुरू केली होती. डॉ. बी. एम. नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन यांची नावं या कामाशी कायमची जोडलेली आहेत.

प्रश्न गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा होता. खेड्यात त्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, आणि हा शब्द पुस्तकी शब्दापेक्षा नेमका आहे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. कोणत्या गटाला काय मिळेल हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं, चिठ्ठी टाकावी तसं ते ठरलं. काही गावांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली. काही गावांत पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. काही गावांत पिशवीच्या तोंडाला कापसाने पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरचाच अंश, लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. चौथ्या गटाला तपासणी दिली नाही, नेहमीची व्यवस्था तेवढी राहिली.

आठ वर्षांनी हिशेब मांडला गेला. ज्या गटाची तपासणी झाली नव्हती, त्यातल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ या कॅन्सरने गेल्या. विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदाच झालेल्या ३४,१२६ जणींपैकी ३४ गेल्या. जवळजवळ निम्म्या. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणावी तशी घट दिसली नाही. एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे छापून आलं. जागतिक आरोग्य संघटना आज या कॅन्सरसाठी विषाणूच्या तपासणीला पहिली पसंती देते. त्या शिफारशीमागच्या पुराव्यात उस्मानाबाद जिल्ह्यातल्या शिवारांचा वाटा आहे, हे किती मराठी माणसांना ठाऊक आहे?

मात्र पुरावा एवढं एकच वाक्य सांगत नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांची चाचणी केली आणि त्यांतल्या सुमारे निम्म्या जणींसाठी तेच ॲसिटिक ॲसिड वापरलं. तपासणी करणाऱ्या आरोग्यसेविका डॉक्टर नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या बायकांना शिकवून तयार केलं होतं. तिथे तपासणी एकदाच करून थांबले नाहीत, दर दोन वर्षांनी ती पुन्हा केली, आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी हा निष्कर्ष अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या सर्वांत मोठ्या परिषदेत मांडला. उस्मानाबादेत अपुरी पडलेली पद्धत मुंबईत चालली. काय वापरलं याइतकंच किती वेळा वापरलं यालाही महत्त्व होतं, असा त्याचा अर्थ लावता येतो.

आता तो चौथा गट. पुढे यावर कडाक्याचा वाद झाला. तपासणीने जीव वाचतो हे पाश्चात्त्य देशांत माहीत असताना हजारो भारतीय बायकांना तपासणीविना नुसतं निरीक्षणाखाली का ठेवलं? चाचणी करणाऱ्यांचं उत्तर असं, की त्या भागात कुणालाच तपासणी मिळत नव्हती, आणि इथे परवडेल ते इथे उपयोगी पडतं का हे तुलनेशिवाय कळलं नसतं. दोन्ही बाजूंना वजन आहे. पण विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते ६४ मृत्यू आलेखातली रेघ म्हणून मोजू नयेत. त्या घरांपर्यंत निष्कर्ष मराठीत पोचवणं हे कर्तव्यच होतं, आणि आजही ते आपल्या सगळ्यांना लागू आहे.

तुलना मुळातच का लागते, याचं एक जुनं उदाहरण याच शहरात घडलं. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हे ठरवायला सहाव्या निजामांच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसले. सर्जन एडवर्ड लॉरी यांचा ठाम विश्वास होता: श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला धोका नाही. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि आयोगाने तसाच कौल दिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्म हृदयाचे ठोके अचानक विस्कटून मारू शकतो. लॉरी अप्रामाणिक नव्हते. उत्तर आधीच मनात पक्कं असलं की डोळ्यांना तेच दिसतं, म्हणून चिठ्ठी लागते.

आणि संमती का लागते, हे सांगायला आजच्या तेलंगणातलं खम्मम पुरेसं आहे. २००९ मध्ये तिथे दहा ते चौदा वयाच्या हजारो मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली, एका अभ्यासाचा भाग म्हणून. त्यांतल्या बऱ्याच जणी आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. काही मुली दगावल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं उघड झालं. २०१० मध्ये काम थांबलं, २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. ज्या आजाराविरुद्ध उस्मानाबादच्या बायकांनी पुरावा दिला, त्याच आजाराच्या लशीविषयी लोकांच्या मनात भीती बसली, ती कागदावरच्या सह्यांमुळे. लस चांगली असूनही.

औषधांच्या चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार संमती रुग्णाला समजेल त्या भाषेत हवी. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य माणूस असलाच पाहिजे. ही शेवटची खुर्ची बहुतेकांना माहीत नसते. मराठीच्या निवृत्त शिक्षकांनी, लेखकांनी तिच्यावर आपण होऊन बसायला हवं. तिथे औषधाचं ज्ञान लागत नाही, ‘हे वाक्य मला समजलं नाही’ असं म्हणायचं धैर्य लागतं.

कारण वाक्यं अशी येतात: ‘आपले यादृच्छिकीकरण करून आपणांस दोन उपचार-भुजांपैकी एकीत नियुक्त करण्यात येईल.’ ऐकणाऱ्या बाईला यातून दंडाला सुई टोचणार एवढंच वाटेल. तेच असं सांगता येतं: ‘तुमच्या आजाराला दोन उपचार आहेत. दोहोंत चांगला कोणता, हे आज डॉक्टरांनाही माहीत नाही. तुम्हाला कोणता मिळेल, ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवील. नको म्हणालात तरी इथला नेहमीचा उपचार चालूच राहील. मधूनच सोडलंत तरी कुणी रागावणार नाही.’

‘डॉक्टरांनाही माहीत नाही’ हे वाक्य लिहायला डॉक्टर कचरतात. पण ते खरं असतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की फुगल्यावर, यावर सर्जन अनेक दशकं भांडत होते. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूज यांच्या चाचणीतल्या ५०० रुग्णांनी २०१५ मध्ये त्याचं उत्तर दिलं: आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के हयात, वाट पाहिली तर ६७.५ टक्के. पुढे डॉ. विजय पाटील यांनी निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं. डोक्या-मानेचा बरा न होणारा कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांत ही तुलना झाली. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६.३ टक्के होते, हे औषध जोडल्यावर ४३.४ टक्के. पूर्ण मात्रा परवडणारी माणसं आपल्याकडे मोजकी. कमी मात्रा पुरेल का, हा प्रश्न विचारायची गरज इथेच होती, आणि तो इथेच विचारला गेला.

अशा चाचण्यांच्या संमतीपत्रांची भाषा आज दुपारच्या सत्रात आपणच सुधारायची आहे, तिथे व्याख्यानं नाहीत. चार टेबलांवर चार संमतीपत्रं ठेवली आहेत, नावं खोडून. प्रत्येक टेबलाशी एक डॉक्टर, एक मराठीचा शिक्षक आणि मलकपेठ-काचीगुड्याकडच्या दोन मराठी बायका बसतील. शिक्षक मोठ्याने वाचतील, बायका अडतील तिथे हात वर करतील, आणि ते वाक्य खोडून डॉक्टरांनी तिथल्या तिथे पुन्हा सांगायचं आहे, त्या दोघींना आपल्या शब्दांत उलटून सांगता येईपर्यंत. चहा टेबलावरच येईल.