मोहाखालची आग
(ग्रामसभांच्या बैठकीत केलेलं भाषण)

 

मोह गळायच्या आत आगीचं बोलून घेऊ, म्हणून आम्ही उभे आहोत.

रान पेटलं की पहिलं बोट आदिवासीकडे. मोहावाल्यांनी लावली, म्हणतात. पहाटे गळलेलं फूल पाल्यात दिसत नाही, म्हणून झाडाखाली पाला जाळायची रीत आहे, हे खरं. पण तेंदूला कोवळी पानं फुटावी आणि खुटकटाईची मजुरी वाचावी म्हणून काडी कोण लावतो? ते कोणी विचारत नाही. एप्रिल 2021 मध्ये नागझिऱ्यात आग विझवायला गेलेले हंगामी मजूर जळून मेले. ते काही साहेब नव्हते, रोजीवरची माणसं होती.

समुद्रापार ऑस्ट्रेलिया नावाचा मुलूख आहे. तिथेही मूळचे लोक आहेत. गोऱ्यांनी म्हटलं, ही जमीन कोणाचीच नव्हती. 1992 साली एडी माबो यांच्या खटल्यात तिथल्या सर्वात मोठ्या कोर्टाने ते खोटं ठरवलं. निकाल ऐकायला माबो राहिले नव्हते, त्याच वर्षी आधी वारले. तिथे उत्तरेला, आर्नहेम लँडमध्ये, हे लोक गवतात ओल असतानाच लहान लहान पट्टे हळू जाळतात, म्हणजे पुढे मोठा वणवा पेटत नाही. 2006 पासून एका गॅस प्रकल्पाने त्यांना या कामाचे पैसे दिले.

त्यांची आग इथे आणा, असं आम्ही म्हणत नाही. आपल्या रानात आग फिरली की मोहाची बारकी रोपं जातात. म्हातारी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्या खाली पोरसवदा झाड किती आहेत ते मोजून पाहा. घ्यायचं ते एवढंच, की आगीचं कसं करायचं ते तिथे रानात राहणारा ठरवतो.

आपल्याकडेही कायदा 2006 चाच. वनहक्क कायद्याचं कलम 5 गावात वाचून दाखवा. जंगल, जनावर, पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे, त्यासाठी समितीही करता येते. सामूहिक दावा फायलीत अडकला असेल त्या गावानेही ठराव घ्यावा.

मोहाखालचा पाला खराट्याने झाडा, नाहीतर जुनं लुगडं अंथरा. मेहनत वाढते, खरं आहे. आणि ती बायांचीच वाढते, म्हणून हा ठराव बायांच्या सभेत आधी व्हावा, पुरुषांनी वरून लादू नये. झाडायला पुरुषांनीही जावं. तेंदूच्या करारात लिहून घ्या : खुटकटाईची मजुरी ठेकेदार देईल, आणि त्याच्या माणसाने आग लावली तर भरपाई भरेल. फेब्रुवारीपासून फळी बंद होईपर्यंत राखणीची पाळी लावा. पाळीवर एकटं कोणी जाऊ नये.

ठरावाची नक्कल पुढच्या बैठकीत आणा. तिची पोच वनविभागाकडून शिक्क्यासह घ्या. तोंडी "हो" चालणार नाही.