संघाचे यश आणि खेळाडूची थोरवी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जेम्स नाइस्मिथ या व्यायामशिक्षकाने १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा खेळ प्रथम मांडला. त्या देशातील एन. बी. ए. ही व्यावसायिक संघांची स्पर्धा १९४६ पासून चालू आहे. इतक्या वर्षांतील थोर खेळाडूंची क्रमवारी लावू लागले की पहिला प्रश्न निघतो, 'याच्या नावावर जेतेपदे किती?' संघाचे यश एका खेळाडूच्या पदरात किती घालावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज आपण करू.

हा प्रश्न गैरलागू आहे असे आम्ही म्हणणार नाही. क्रिकेटमध्ये एका बाजूला अकरा जण असतात. बास्केटबॉलमध्ये पाचच, आणि चढाई व बचाव दोन्ही त्याच पाचांनी करावयाचे. साहजिकच एका असामान्य खेळाडूचा प्रभाव येथे मोठा पडतो. तथापि मोठा प्रभाव म्हणजे संपूर्ण श्रेय नव्हे. नुसती जेतेपदेच मोजावयाची तर रॉबर्ट हॉरीची सात भरतात आणि मायकेल जॉर्डनची सहा. हॉरी ऐन मोक्याच्या क्षणी उपयोगी पडणारा खेळाडू होता खरा. पण ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची एकदाही निवड झाली नाही. उलट एल्जिन बेलर दहा वेळा वर्षाच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेला. १९७१-७२ च्या हंगामारंभी तो निवृत्त झाला, आणि त्याच्या लॉस अँजेलिस लेकर्स संघाने लागलीच सलग ३३ सामने जिंकले व १९७२ चे जेतेपदही मिळविले. ते जेतेपद काही महिने आधी आले असते, तर बेलरचा खेळ अधिक थोर ठरला असता काय?

आता दुसरी बाजू पाहू. १९६१-६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. २ मार्च १९६२ रोजी तर एकाच सामन्यात १००. तरीही त्या वर्षीचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलची निवड झाली, आणि त्या काळी हे मतदान खुद्द खेळाडूच करीत असत. रसेलचे सामर्थ्य बचावात होते. प्रतिपक्षाचे अडविलेले फटके एन. बी. ए.च्या अधिकृत नोंदीत १९७३-७४ पासून येऊ लागले. रसेल १९६९ सालीच निवृत्त झाला होता. म्हणजे त्याचे जे मुख्य काम, त्याला वहीत रकानाच नव्हता! ते दिसते ते १३ हंगामांतील ११ जेतेपदांतून. त्यांतील शेवटची दोन तर त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने मिळविली. चेंबरलेननेही १९६६-६७ मध्ये गुणांची सरासरी २४.१ वर येऊ दिली, सहकाऱ्यांना अधिक चेंडू पुरविले, आणि त्याच वर्षी त्याच्या संघाने जेतेपद मिळविले.

परंतु अखेरचा फलक सर्वज्ञ नसतो. १९६९ च्या अंतिम फेरीतील सातव्या सामन्यात लेकर्सच्या जेरी वेस्टने एकट्याने ४२ गुण केले. बोस्टनने तो सामना १०८-१०६ असा जिंकला. अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी प्रथमच दिला गेला, आणि तो मिळाला पराभूत वेस्टला. पराभूत संघातील खेळाडूस हा मान त्यानंतर आजतागायत मिळालेला नाही. दोन गुणांच्या फरकाने वेस्टची योग्यता कमी झाली असे जर आम्ही मानले, तर त्याच्या चार सहकाऱ्यांचा हिशेबही त्याच्याच माथी मारल्यासारखे होईल.

सारांश, जेतेपद हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याची साक्ष अवश्य घ्यावी. पण उलटतपासणीही करावी. त्या विजयात या खेळाडूचे नेमके काम कोणते? सहकारी बदलले तरी यश टिकले काय? त्याच्याविरुद्ध खेळलेल्यांचे मत काय? रसेलची जेतेपदे या तिन्ही प्रश्नांना पुरून उरतात, म्हणून त्यांना पुष्कळ वजन द्यावे. जेथे ही उत्तरे मिळत नाहीत, तेथे जेतेपदांची संख्या म्हणजे केवळ सुदैवाची मोजदाद होय.

हा विवेक खेळापुरताच नाही. सरकारी नोकरीत आम्ही दरवर्षी हाताखालच्या माणसांचे मूल्यमापन लिहितो. कचेरीचे उद्दिष्ट पुरे झाले की सर्वांनाच 'उत्तम' लिहिण्याचा मोह होतो, आणि हुकले की सर्वांवरच खापर फोडण्याचा. दोन्हींत अन्याय होतो तो निमूटपणे काम करणाऱ्यावर. आपल्या मंडळाची पन्नास वर्षेही अशाच अनेकांनी तोलून धरली आहेत. या अंकात अध्यक्षांची नावे छापली जातील, ती योग्यच आहेत. परंतु उत्सवाच्या रात्री सतरंज्या घालणारे आणि पहाटे त्या झाडून ठेवणारे यांच्यासाठीही वहीत एक रकाना असावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.