सांभाळण्याची किंमत

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘माध्यमं आणि आपण’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळच्या सत्रात आपण पोटगीच्या दाव्यांबद्दल बोललो. आता मी एका कार्टूनबद्दल बोलणार आहे, असं संयोजक ताईंनी सांगितल्यावर मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. हसा, माझी काही हरकत नाही. मलाही आधी हसूच आलं होतं. माझी भाची कॉलेजात जाते. ती एक दिवस म्हणाली, “मावशी, तू नेहमी म्हणतेस ना, की मूल सांभाळणारा पुरुष कुठल्या गोष्टीत दिसतच नाही? मग हे बघ.” आणि तिने एक जपानी मालिका लावून दिली. जपानमध्ये अशा चित्रांच्या मालिकांना ॲनिमे म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्यामागे एक चित्रकथा असते, तिला मांगा म्हणतात. या मालिकेचं नाव ‘उसागी ड्रॉप’. २०११ साली ती जपानी दूरदर्शनवर आली. भाग फक्त ११. दिग्दर्शक कान्ता कामेई, आणि मूळ चित्रकथा युमी उनिता या बाईंची. ती ‘फील यंग’ या, तरुण बायकांसाठी निघणाऱ्या मासिकात २००५ ते २०११ या काळात येत होती.

आधी गोष्ट सांगते. दाइकिची नावाचा ३० वर्षांचा, लग्न न झालेला, कंपनीत नोकरी करणारा माणूस आजोबांच्या अंत्यविधीला गावी जातो. तिथे त्याला अंगणात सहा वर्षांची एक मुलगी दिसते. नाव रिन. ती आजोबांची मुलगी, म्हणजे दाइकिचीची मावशी! तिची आई कोण, कुणाला माहीत नाही. सगळे नातेवाईक जमलेले, आणि चर्चा एकच, हिला ठेवायचं कुणी? प्रत्येकाकडे कारण आहे. कुणाची मुलं लहान, कुणाचं वय झालेलं. शेवटी संस्थेत ठेवायचं ठरू लागतं. मुलगी तिथेच आहे आणि सगळं ऐकते आहे. ते दाइकिचीला सहन होत नाही. तो तिला विचारतो, माझ्या घरी येतेस का?

पुढचे भाग म्हणजे काय, तर आपलं रोजचं जगणं. पाळणाघर शोधणं. सकाळी गर्दीच्या गाडीतून मुलीला नेणं, संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायच्या आत धावत पोचणं. रात्री ती अंथरूण ओलं करते. दाइकिची रागवत नाही. हळूहळू त्याला उमगतं की आजोबा गेले तसा हाही जाईल, ही भीती तिच्या मनात आहे. कंपनीतली जास्तीच्या तासांची कामं त्याला झेपेनात, तेव्हा तो आपणहून दुसऱ्या विभागात बदली मागतो. मूल झाल्यावर अशीच बदली घेतलेली एक सहकारी त्याच्या कंपनीत असते, तिच्याकडे जाऊन तो सल्ला विचारतो. बाई ही माघार रोज घेते, तिची बातमी होत नाही. इथे पुरुष ती घेतो, आणि गोष्ट त्याला हुतात्मा करत नाही. त्याच्या नात्यातली एक बहीण सासरच्या जाचाला कंटाळून लेकीला घेऊन चार दिवस त्याच्याकडे येऊन राहते आणि परत जाते. कोवकी नावाच्या मुलाला एकटीने वाढवणाऱ्या निताणी या बाईंशी त्याची ओळख होते, मुलांच्या आजारपणात दोघं एकमेकांना धरून राहतात.

मी ११ भाग दोन रात्रींत बघितले आणि खूप रडले. का रडले ते सांगते.

माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला सोलापूरला आजीकडे पोचवलं. दीड वर्षात आजीही गेली. उरलो मी आणि मामा. मामा तेव्हा २८ वर्षांचा, बिनलग्नाचा, यंत्रमागावर कामाला. मला रात्री एकटीला ठेवता येईना म्हणून त्याने रात्रपाळी सोडली. त्या बदल्यात मालकाने त्याला जुना, सारखा बंद पडणारा माग दिला. जेवढं कापड निघेल तेवढेच पैसे, त्यामुळे मिळकत घटली. तो माझ्या वेण्या घालायचा, वाकड्या व्हायच्या. शाळेत पालकसभेला सगळ्या आयांमध्ये तो एकटा पुरुष, कडेला उभा राहायचा. पाळी आली तेव्हा त्याने शेजारच्या काकूंना हाक मारली आणि स्वतः दुकानातून कापूस आणला. हे मी कधी कुठल्या गोष्टीत वाचलं नव्हतं. साता समुद्रापलीकडच्या या मालिकेत मला माझा मामा भेटला.

मग मी भाचीला म्हटलं, पुढचं दे. ती जरा गप्प झाली. म्हणाली, पुढची मालिका नाही, पुढचं चित्रकथेत आहे, पण तू वाचू नकोस. मी हट्ट केला. इंग्रजीत त्याचे खंड निघालेले आहेत, ते मागवले.

मालिका संपते तिथे रिन पहिलीत आहे आणि तिचा दुधाचा दात पडतो. चित्रकथा मात्र पाचव्या खंडापासून एकदम १० वर्षं पुढे जाते. रिन १६ वर्षांची, दाइकिची चाळिशीत. दाइकिची आणि निताणी यांची मनं एकमेकांत गुंतलेली, पण त्यांचं जमत नाही, आणि निताणी पुढे दुसऱ्याशी लग्न करते. मग रिनला जाणवतं की आपलं दाइकिचीवर प्रेम आहे, बापावर असतं तसं नव्हे. आणि मग मोठी कलाटणी येते. रिनच्या आईकडून कळतं की आजोबा रिनचे जन्मदाते नव्हतेच! म्हणजे दाइकिची आणि रिन यांच्यात रक्ताचं नातं नाही. नवव्या खंडात गोष्ट संपते ती दोघं एकत्र येऊनच. ज्याने तिला सहाव्या वर्षापासून न्हाऊ-माखू घातलं, त्याचीच ती जोडीदार होते.

मी पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदा मामाची आठवण आली. त्याचा कुणीतरी अपमान केला असं वाटलं.

आता ही कलाटणी कशी रचली आहे ते नीट बघू या. जपानच्या दिवाणी कायद्यात मावशी-भाच्याच्या नात्यात लग्न होऊ शकत नाही. दत्तक घेणारा आणि दत्तक यांचंही होऊ शकत नाही, पुढे दत्तकविधान रद्द झालं तरीसुद्धा. या दोन्ही भिंती गोष्टीतून आधीच काढलेल्या आहेत. दाइकिची सुरुवातीला दत्तक घेण्याबद्दल रिनला विचारतो, तेव्हा ती नको म्हणते, तू दाइकिचीच राहा अशा अर्थाचं काहीतरी बोलते. मालिकेत बघताना तो प्रसंग मला फार गोड वाटला होता. मेलेल्या बापाची जागा कुणाला न देणारी ती चिमुरडी! चित्रकथा वाचल्यावर कळलं की एक दार उघडं ठेवलेलं होतं. आणि रक्ताची भिंत शेवटी पाडली. म्हणजे लेखिकेच्या लेखी अडचण होती ती रक्ताची आणि कागदाची. दहा वर्षं सांभाळलं, ही अडचण कुणाला वाटलीच नाही.

मैत्रिणींनो, माझं भांडण इथे आहे. आपण गेली कितीतरी वर्षं ओरडून सांगतो आहोत की आई-बापपण रक्ताने ठरत नाही, सांभाळण्याने ठरतं. ही गोष्ट नेमकं तेच सांगत होती. आणि शेवटी तिनेच सांगितलं, की रक्त नसेल तर तो बाप नव्हताच, नुसता एक पुरुष होता.

यावर माझ्या भाचीच्या मैत्रिणींनी मला तीन गोष्टी ऐकवल्या, त्या प्रामाणिकपणे तुमच्यापुढे ठेवते. एक, लेखिका बाई आहे, वाचकही बायकाच. दोन, दाइकिचीने काही डाव रचलेला नाही, तो स्वतःच हबकतो, शाळा पुरी होईपर्यंत थांबायला लावतो. तीन, निवड रिनची आहे, आणि तुम्हीच तर म्हणता, मुलीच्या निवडीचा मान राखा.

पहिलीला माझं उत्तर असं, की बाईने लिहिलं म्हणून ते आपोआप बाईच्या बाजूचं होत नाही. जुन्या गोष्टींची वळणं आपल्या सगळ्यांच्याच हाताला असतात. जपानमध्येच अकराव्या शतकात मुरासाकी शिकिबू या बाईने लिहिलेल्या ‘गेंजी’च्या कथेत नायक एका लहान मुलीला घरी आणून वाढवतो आणि पुढे तिलाच बायको करतो. ते वळण हजार वर्षं जुनं आहे.

दुसरी गोष्ट मला मान्य आहे. दाइकिची वाईट माणूस नाही. म्हणूनच तर त्रास होतो. वाईट माणसाची गोष्ट असती तर मी पुस्तक बाजूला टाकून मोकळी झाले असते.

तिसरी गोष्ट अवघड आहे. रिन हुशार आहे, तिला कुणी धाकदपटशा केलेला नाही. पण जिचं छप्पर, जेवण, शाळा, सगळं जग एका माणसाच्या हातून आलं, तिने त्याला ‘हो’ म्हणणं आणि एखाद्या परक्याला ‘हो’ म्हणणं एकच आहे का? आपल्याकडच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात पालक किंवा प्रतिपालक यांनी केलेला गुन्हा अधिक गंभीर धरला आहे, तो उगाच नाही. या कथेत गुन्हा घडत नाही, हे मी पुन्हा सांगते. पण सत्तेचं गणित तेच आहे. शिवाय रिन ही काही जिवंत मुलगी नव्हे. तिच्या तोंडी तो होकार कुणीतरी लिहिलेला आहे. मान राखायचा तर तिला दुसरे रस्ते दिसू द्यायचे होते.

याचा आपल्या कामाशी संबंध काय, असं कुणी विचारेल. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे आपल्या देशात एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, दोन्ही घेता येतात. कायद्याला पुरुषाची भीती वाटते, आणि ती भीती आपल्यासमोर रोज येणाऱ्या प्रकरणांतून आलेली आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. पण मग सांभाळण्याचं काम कायमचं बाईच्याच गळ्यात. एक गोष्ट अशी आली होती, जी सांगू पाहत होती की पुरुष सांभाळू शकतो, आणि काही परत न मागता सांभाळू शकतो. तिच्या शेवटाने त्या भीतीवरच शिक्का मारला.

आणि शेवट फक्त शेवटचं पान बदलत नाही, मागचं सगळं बदलतो. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, माझ्या घरात मी ते भोगलं आहे. आमच्या भागात काही जातींत मामा-भाचीचं लग्न होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ते नातं निषिद्ध धरलं, पण जिथे रूढी आहे तिथे सूट आहे. मी १४ वर्षांची असताना एक पाहुणे आले होते. मी आत भाकरी थापत होते. ते मामाला म्हणाले, “एवढी वाढवलीस, आता बाहेर कशाला देतोस? तूच करून घे.” माझा हात थांबला. एका क्षणात त्या वाकड्या वेण्या, तो कापूस, ती सोडलेली रात्रपाळी, सगळं मला वेगळं दिसू लागलं. मला त्या घराची भीती वाटली.

मामा म्हणाला, “मी लेकरू वाढवलंय, बायको नाही.” आणि पाहुण्यांना चहासुद्धा न देता तो उठला.

त्या एका वाक्याने माझं बालपण मला परत मिळालं. रिनला ते वाक्य कुणी दिलं नाही, एवढंच माझं दुःख आहे.

म्हणून माझी विनंती अशी, की आपल्या गटांत ही मालिका जरूर दाखवा. ११ भागांत ती पुरी होते, आणि फार चांगली आहे. मग पुढची गोष्ट तोंडी सांगा आणि मुलींना विचारा, तुम्ही असता तर रिन मोठी झाल्यावर काय लिहिलं असतं? मी आमच्या वस्तीतल्या मुलींना विचारलं. एक म्हणाली, रिन नोकरीला लागते आणि म्हाताऱ्या दाइकिचीला दवाखान्यात नेते. दुसरी म्हणाली, तिचं लग्नबिग्न राहू दे, आधी दाइकिचीचं त्या निताणीबाईंशी लावा! सगळ्या हसल्या. मला दोन्ही शेवट चालतील.