‘तुमचा विषय कोणता?’
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळी नाश्त्याच्या रांगेत पंधराएक जणांनी तरी मला विचारलं, “बेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.? आणि कशावर?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरी विचारा. दुसऱ्याचं मी देते, कारण जुलैत तेच उत्तर मला आमच्या विभागातल्या प्राध्यापकांना द्यायचं होतं. आमच्याकडे मार्गदर्शक प्रवेशानंतर ठरतो. त्याआधी एकेकाच्या खोलीत जाऊन आपल्याला कशात रस आहे ते सांगायचं. पुढची चार-पाच वर्षं कोणाच्या हाताखाली काढायची, ते त्या दहा मिनिटांवर ठरतं.

बरोबरची मुलं ‘भूजल व्यवस्थापन’, ‘हवामानबदल’ असं सांगत होती. ही नावं पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभतात, पण ती ऐकून समोरच्याला पुढचं काही विचारावंसं वाटत नाही, असं माझं मत. मी आमच्या मळ्यातल्या दोन विहिरी सांगितल्या. अंतर दोनशे फूट, खोली सारखी, पाऊस तोच. एक मे महिन्यापर्यंत पुरते, दुसरी संक्रांतीलाच तळ दाखवते. का?

आपला दख्खन लाव्ह्याच्या थरावर थर साचून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर काढलेले ते थर इथे बऱ्याच जणांना आठवत असतील. मुरूम आणि झिजलेला मांजऱ्या पाणी धरतो. अखंड काळा पाषाण धरत नाही. भेग असेल तिथूनच काय ते पाणी जातं. म्हणून दोनशे फुटांत नशीब बदलतं, आणि पाणाड्याचा धंदा चालतो तोही त्यामुळेच.

गंमत पुढे आहे. पहिल्या सरांनी उपग्रहाच्या चित्रात भेगांच्या रेषा शोधायला सांगितल्या. दुसऱ्या सरांनी विचारलं, हे पाणी पावसाचं की जवळच्या तलावातून पाझरलेलं? उन्हात वाफ होऊन उरलेल्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं, त्यावरून ते ओळखता येतं. ते यंत्र मी कधी हाताळलेलं नाही, असं मी सरळ सांगितलं. “ते शिकवता येतं,” सर म्हणाले. तिसऱ्या मॅडमनी मात्र विचारलं, “उपसा थांबवल्यावर पाणी किती वेळात चढतं? आणि शेजारची मोटार तेव्हा चालू असते का?”

विहिरी त्याच दोन, पण प्रबंध तीन होऊ शकले असते. प्रत्येकाचा एकेक शोधनिबंध आधी वाचून गेले होते, म्हणून मला हे प्रश्न कळले तरी. गुणपत्रिका कोणी पाहिलीही नाही.

मी मॅडमकडे काम सुरू केलं. आमच्या गावात एकाने तिसरी बोअर मारली, तीही कोरडी गेली. ते कर्ज अजून फिटलेलं नाही. शेजारच्या मोटारीचा प्रश्न फक्त मॅडमनी विचारला होता.

डिसेंबरपासून मोजणी आहे. मला आणखी विहिरी हव्या आहेत. मोटार एक दिवस पूर्ण बंद ठेवावी लागेल, हे आधीच सांगते. ज्यांची तयारी असेल त्यांनी जेवणानंतर भेटा, वही आणली आहे.