होडीचें नीरम

श्रोतेहो, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरांत आतां यंत्राचाच आवाज अधिक ऐकूं येतो. तरीही शिडाच्या होडीनें शिकविलेला एक धडा जुना झालेला नाहीं. तो धडा नीरमाचा.

वारा शिडाला उंच जागीं रेटतो आणि होडी कलते. तळाशीं वजन असलें म्हणजे तिचा गुरुत्वमध्य खालीं येतो व कललेली होडी पुन्हा सरळ होऊं पाहते. म्हणूनच माल उतरविलेलीं गलबतें दगड किंवा वाळू भरून परतत. ह्या वजनास नीरम म्हणतात.

परंतु नीरम म्हणजे सर्व दोषांवरचा उतारा नव्हे. १० ऑगस्ट १६२८ रोजीं स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका पहिल्याच सफरीवर निघाली आणि स्टॉकहोमच्या बंदरांतच बुडाली. तिच्या पोटांत नीरम होतें. पण वरचा डोलारा भारी. अधिक नीरम भरावें, तर तोफांच्या खिडक्या पाण्यास टेकणार!

लहान होडीचाही हिशेब हाच. पाण्याच्या पातळीवर ५ चौरस मीटर जागा व्यापणाऱ्या होडींत १०० किलो वजन घातलें, तर ती सुमारें २ सेंटिमीटर खालीं बसते. म्हणून वजन थोडें थोडें घालावें व काठ पाण्यापासून किती उंच राहिला तें पाहावें. वाळूच्या लहान पिशव्या मध्यभागीं, तळाशीं, घट्ट बांधून ठेवाव्या. नाळ जड झाली तर ती लाटेंत घुसते. मागील अंग जड झालें तर होडी वळण्यास कुचराई करते. सुटें नीरम तर शत्रूच. होडी ज्या बाजूस कलते, त्याच बाजूस तें धांवतें. शिवाय उघड्या होडींत पाणी भरलें, म्हणजे हेंच वजन तिला तळाशीं नेतें. तेव्हां पाणी उपसण्याची बालदी व तरंगतीं पिंपें जवळ हवींतच. अरुंद होडीस उलांडी बांधणारे कोंकणी कारागीर तोच समतोल वजनाऐवजीं रुंदीनें साधतात.

आणि माणसें? तीं तर चालतें नीरम! १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट लाटांच्या माऱ्यानें कलली. भ्यालेले उतारू एका अंगास धांवले आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक जीव गेले. होडी डुलूं लागली म्हणजे उठूं नये. जेथें असाल तेथेंच खालीं बसावें. तेवढ्यानेंही, श्रोतेहो, होडी सांवरण्यास मोठा हातभार लागतो.